घाटाचे नाव आणि घाटाची माणसे
(भिल्लांचा इतिहास वर्गात शिकविण्याविषयी काही विचार व एक पाठ)



कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटास औट्रम घाट म्हणतात, हे आपल्या तालुक्यातील लहान मुलासही ठाऊक असते. १९८६ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याचे नावही गौताळा-औट्रमघाट असेच आहे. परंतु हा औट्रम कोण, असे वर्गात विचारले असता बहुधा 'घाट बांधणारा साहेब' एवढेच उत्तर मिळते. त्याच्या आधी ह्या घाटाची राखण कोण करीत असे, असा दुसरा प्रश्न विचारला तर वर्ग गप्प बसतो. त्याच वर्गात मागील ओळीत वस्तीवरची दोन-तीन भिल्ल मुले बसलेली असतात, आणि त्यांनाही ह्या प्रश्नाचे उत्तर येत नाही. देवगाव रंगारी परिसरातील शाळांतून पाठ पाहताना ही गोष्ट वारंवार नजरेस आली, म्हणून हा विषय लेखासाठी निवडला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा म्हणजे वरचे पठार आणि खालचा खानदेश ह्यांमधील भिंत होय, व घाट हे त्या भिंतीतील दरवाजे. ह्या दरवाजांची राखण परंपरेने भिल्ल नायकांकडे असे. वाटसरू, व्यापारी व बैलांचे तांडे सुखरूप उतरवून द्यावेत आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यावा, अशी ती व्यवस्था होती. सपाटीवरील अनेक गावांत भिल्ल हा जागल्या असे. रात्री गस्त घालणे, चोराचा माग काढणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल धान्याचा वाटा वा थोडी जमीन हे त्याचे वेतन. तेव्हा 'भिल्ल म्हणजे रानात राहणारे, गावाशी संबंध नसलेले लोक' ही समजूत आपल्या भागापुरती तरी खरी नाही. गावगाड्यात त्यांस स्थान होते, आणि ते पहारेकऱ्याचे होते.

हे स्थान मोडले कसे, येथे खऱ्या इतिहासास आरंभ होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशवाईचा कारभार ढिला झाला. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि लागोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावे ओस पडली. गावच नाही तेथे जागल्याचा हक्क देणार कोण? पोटासाठी भिल्ल डोंगरात शिरले, व पहारा करणारे हात लूट करू लागले. त्यांचा बंदोबस्त म्हणून तत्कालीन सरकारी अंमलदारांनी जे केले, ते वाचताना मन विषण्ण होते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटिअरात अशी नोंद आहे की, बाळाजी लक्ष्मण ह्या सरसुभेदाराने कोपरगाव येथे भिल्लांचा एक मोठा जमाव विश्वासघाताने पकडला आणि त्यांतील बहुतेकांस दोन विहिरींत लोटून दिले. ह्यानंतरच्या कत्तलींची ठिकाणे म्हणून चाळीसगाव, धरणगाव आणि अंतूर ही नावे त्याच ग्रंथात येतात. अंतूरचा किल्ला आपल्याच तालुक्यात आहे. सहलीस जाऊन तेथील बुरूज व पाण्याची टाकी आपण मुलांस दाखवितो, परंतु ही नोंद सांगणारा शिक्षक क्वचितच भेटतो.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला. नव्या सरकारनेही आरंभी तलवारच उपसली. डोंगराच्या वाटा रोखून भिल्लांची रसद तोडण्यात आली, आणि १८१९ मध्ये सातमाळ्यातील चील नाईक ह्या नायकास पकडून फाशी देण्यात आले. तरीही उठाव थांबेनात. अखेर १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्याच्या काळात धोरण बदलले व तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नड येथे होते, आणि लेफ्टनंट ओव्हान्स हा तिचा अधिकारी होता. भिल्लांस जमीन, बैल व तगाई देऊन शेतीस लावणे आणि नायकांचे जुने हक्क तपासून त्यांस नेमणुका देणे, हे ह्या एजन्सींचे काम होते. त्याच वर्षी बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारण्यास प्रारंभ केला. घाटाशी त्याचे नाव जोडले गेले आणि आजतागायत टिकले. ओव्हान्स विस्मृतीत गेला, आणि चील नाईक तर आपल्या मुलांच्या कानांवरून कधी गेलाच नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. औट्रमला केवळ दुष्ट ठरविणे जितके सोपे, तितकेच त्याला केवळ उपकारकर्ता ठरविणे सोपे आहे. दोन्ही प्रकारच्या उत्तरांत भिल्लांस बोलावयास जागाच उरत नाही. पलटणीत शिरलेल्या भिल्लाने नोकरी का पत्करली? दुष्काळाने, भुकेने, की पुन्हा मानाने पहारा करावयास मिळेल ह्या आशेने? पुढील काळात हीच पलटण दुसऱ्या भिल्लांच्या उठावांवर पाठविण्यात आली, तेव्हा त्याच्या घरी काय बोलणे झाले असेल? कागदपत्रांत ह्याचे उत्तर नाही. परंतु प्रश्न विचारण्यास कागदपत्रांची परवानगी लागत नाही, आणि सातवीच्या मुलास हे प्रश्न उत्तम समजतात.

१८५७ च्या धामधुमीत आपल्या आसपासचे भिल्ल पुन्हा उठले. सिन्नर भागात भागोजी नाईक ह्यांचा उठाव झाला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला, आणि १८५९ मध्ये भागोजी लढता लढता पडले. सातपुड्यात खाज्या नाईक व भीमा नाईक होते. त्यांपैकी खाज्या नाईक हे पूर्वी सेंधवा घाटाच्या रस्त्यावर पहाऱ्याच्या सरकारी नोकरीत होते, हे विसरू नये. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तीत भिल्ल स्त्रियाही कैद झाल्या. ह्याहून अलीकडचे नाव तंट्या भिल्ल ह्यांचे. निमाडातील ह्या पुरुषास ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूर येथे फाशी झाली. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर, तर निमाडच्या खेड्यांत 'तंट्या मामा'. एकाच माणसाची ही दोन नावे घेऊन एक संपूर्ण तास चालविता येईल.

वादाचे मूळ ह्या दोन नावांतच आहे. भिल्लांविषयी जे लिहिलेले आहे, ते बहुतेक सर्व त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांनी लिहिलेले आहे. कोपरगावची हकीकत आपण ज्या गॅझेटिअरातून घेतो, तेही इंग्रज सरकारचेच प्रकाशन होय. आधीचा अंमल किती क्रूर होता हे दाखविण्यात त्या सरकारचा स्वार्थ होता, हे सुज्ञ शिक्षकाने जाणले पाहिजे. म्हणून ती घटना खोटी ठरत नाही. परंतु चील नाईकाची फाशी 'बंदोबस्त' आणि कोपरगावच्या विहिरी 'अत्याचार' अशी शब्दांची वाटणी ते पुस्तक का करते, हे विचारलेच पाहिजे. आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. घाटाखालचा मुलूख इंग्रजांचा आणि वरचा औरंगाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातला. एकाच डोंगरातील माणसांचा इतिहास त्यामुळे दोन दप्तरांत विभागला गेला. १८८० चे खानदेश गॅझेटिअर एका सरकारचे, तर १८८४ चे औरंगाबाद गॅझेटिअर दुसऱ्याचे. डोंगर ओलांडून जाणाऱ्या भिल्लास ही हद्द नव्हती, ती लेखकांस होती.

नावांविषयीचा वाद आजही मिटलेला नाही, व शिक्षकास त्याची माहिती असावी. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा ह्यांनी 'आदिवासी' ह्या शब्दाचा आग्रह धरला होता. संविधानात मात्र 'अनुसूचित जमाती' हा शब्द आला. कोणी 'वनवासी' म्हणतात. अनेक आदिवासी संघटनांस तो शब्द मान्य नाही, कारण त्यात ह्या भूमीवरील पहिलेपणाचा अर्थ नाहीसा होतो असे त्या म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा मूळनिवासी लोकांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरविला. आपल्याकडे तो 'जागतिक आदिवासी दिन' म्हणून वस्त्यांवस्त्यांतून साजरा होतो. भारत सरकारची भूमिका अशी आहे की, ह्या देशाचे सर्वच लोक मूळनिवासी आहेत. सरकारने २०२१ पासून बिरसा मुंडा ह्यांची जयंती, १५ नोव्हेंबर, जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला. ह्या वादात प्राथमिक शाळेने पक्षकार होण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्याविषयी बोलावयाचे, ते स्वतःस काय म्हणवितात हे त्यांस विचारावे व तोच शब्द वर्गात वापरावा. ह्यापलीकडे दुसरा नियम मला तरी ठाऊक नाही.

आता एक व्यावहारिक गोष्ट. १५ नोव्हेंबरच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला असतो. ज्या मुलांच्या पूर्वजांचे गुणगान त्या दिवशी व्यासपीठावरून होते, त्यांपैकी कित्येक त्या दिवशी कोपीत धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेली असतात. कार्यक्रम व्हावा, परिपत्रकाप्रमाणे व्हावा, परंतु पुढे दिलेला पाठ ऑगस्ट-सप्टेंबरातच घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरी गोष्ट स्नेहसंमेलनाची. अंगास काळे फासून, कमरेस पाला गुंडाळून, हाती भाले देऊन मुलांस निरर्थक आरोळ्या ठोकीत नाचविणे, ह्यास आपल्याकडे 'आदिवासी नृत्य' म्हणतात. प्रेक्षक टाळ्या वाजवितात, बक्षीसही मिळते. प्रेक्षकांत वस्तीवरील आईबापही असतात, हे नृत्य बसविणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. हा प्रकार ताबडतोब बंद करावा. त्याऐवजी वस्तीवरील जाणत्यांकडून खरे नृत्य व खरे वाद्य शिकून घ्यावे. त्यांस मानाने बोलवावे, नारळ-टोपी द्यावी, आणि शिकविण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

पाठ इयत्ता सातवीसाठी असून तीन तासिकांचा आहे. वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत १८५७ पूर्वीच्या उठावांच्या ओघात भिल्ल, कोळी, रामोशी ह्यांचा उल्लेख थोडक्यात येतो. त्या उल्लेखास हा पाठ जोडून घ्यावा.

पहिल्या तासिकेत फळ्यावर एकच वाक्य लिहावे : 'भिल्लांनी गावे लुटली.' मग मुलांस विचारावे, हे वाक्य कोणी लिहिले असेल? ज्याचे गाव लुटले त्याने, सरकारने, की भिल्लाने? लुटीच्या आदल्या वर्षी काय घडले होते? जागल्यास त्या वर्षी धान्य मिळाले होते काय? उत्तरे फळ्याच्या दुसऱ्या बाजूस लिहीत जावे. नंतर दुष्काळाची व जागल्याच्या हक्काची माहिती सांगून, तेच वाक्य मुलांस पुन्हा लिहावयास सांगावे. एका शाळेत हा तास पाहताना एका मुलीने लिहिले होते : 'पगार बंद झाला म्हणून पहारेकऱ्यांनी गावे लुटली.' दुसऱ्याने तिला हरकत घेतली की, पगार बंद झाला तरी लुटणे वाईटच. दोघांचेही म्हणणे गुरुजींनी फळ्यावर ठेवले व निकाल दिला नाही. ते योग्यच केले. लुटलेल्या गावातील कुणब्याचे दुःखही खरेच होते, आणि ते झाकून ठेवल्याने भिल्लांवरील अन्याय अधिक स्पष्ट होतो असे नाही.

दुसरी तासिका नकाशाची. तालुक्याचा नकाशा जमिनीवर खडूने आखावा. सातमाळ्याची रांग, कन्नड, औट्रम घाट, अंतूर, पितळखोरे ही स्थळे दाखवावी. रांगेच्या पलीकडे चाळीसगाव व धरणगाव, पश्चिमेस नांदूर शिंगोटे, दक्षिणेस कोपरगाव. प्रत्येक ठिकाणी वर्ष लिहिलेली चिठ्ठी ठेवावी : १८०४, १८१९, १८२५, १८५७. एवढ्याने मुलांच्या ध्यानात येते की, ज्यास आपण 'दूरच्या जंगलातील गोष्ट' समजत होतो ती बसच्या एका-दोन तिकिटांच्या अंतरात घडलेली आहे. कोपरगावची हकीकत तिसरी-चौथीच्या मुलांस सांगू नये. सातवीस सांगावी, पण वर्णन न करता, एका वाक्यात. ती ऐकून एखादा पालक म्हणेल की, तुम्ही मराठ्यांच्या राज्याची बदनामी करता. त्यांस शांतपणे सांगावे की, हा पेशवाईच्या पडत्या काळातील एका अंमलदाराचा अपराध आहे. तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा अपराध नव्हे, आणि आजच्या कोणा माणसाकडून त्याचा जाब मागावयाचा नाही.

तिसऱ्या तासिकेस वस्तीवरील एखाद्या वृद्ध गृहस्थास किंवा आजीबाईस निमंत्रण द्यावे. आदल्या दिवशी शिक्षकाने स्वतः जाऊन बोलवावे, मुलाकरवी निरोप पाठवू नये. काय विचारावे, हे मुलांकडून आधी लिहून घ्यावे. डोंगरातील नाले, टेकड्या, झरे ह्यांची तुमच्याकडची नावे कोणती? तुमच्या आजोबांकडे जागल्याचे काम होते काय? त्यांस काय मिळे, आणि ते केव्हा बंद झाले? दुष्काळात कोणते कंद खाल्ले? असे प्रश्न चालतील. 'तुम्ही शिकार करता का', 'तुम्ही दारू गाळता का' असले प्रश्न वगळावेत. पुष्कळ वस्त्यांवर एकलव्याच्या नावाचा फलक असतो. आजोबांनी त्याची गोष्ट पूर्वजाची गोष्ट म्हणून सांगितली, तर मध्येच 'हे महाभारतातील आहे, इतिहास नव्हे' असे म्हणून त्यांस थांबवू नये. एखादा समाज कोणती गोष्ट जपून ठेवतो आणि ती कोणाच्या बाजूने सांगतो, हेही इतिहासाचेच साधन आहे. गुरुभक्तीचे उदाहरण म्हणून आपण सांगतो तीच कथा वस्तीवर हिरावून घेतलेल्या अंगठ्याची कथा म्हणून ऐकावयास मिळते. मुलांस हा फरक दिसू द्यावा.

पाठाच्या वेळी भिल्ल मुलास उभे करून 'तुमच्यात काय करतात, सांग' असे कधीही विचारू नये. त्याच्यावर संपूर्ण जमातीचा प्रतिनिधी होण्याचे ओझे टाकण्याचा आपणास अधिकार नाही. त्यास आपणहून बोलावेसे वाटले, तर तो बोलेल.

कॅनडा देशात मूळच्या लोकांच्या मुलांस घरापासून दूर, सक्तीच्या वसतिशाळांत ठेवून त्यांची भाषा बोलण्यास बंदी घातली जात असे. त्याची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये आपला अंतिम अहवाल दिला, आणि त्यानंतर तेथील शाळांतून हा इतिहास शिकविण्याचे प्रयत्न वाढले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधानांनी २००८ मध्ये, आईबापांपासून तोडलेल्या अशाच मुलांच्या पिढ्यांची जाहीर क्षमा मागितली. ही उदाहरणे देण्याचे कारण असे की, त्या देशांत जखम करण्याचे काम शाळेनेच केले होते. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. तथापि घरची बोली बोलणाऱ्या मुलास 'नीट बोल' म्हणून दटावणारा शिक्षक आपल्यातही आढळतो. घाटाखालून आलेल्या सुनेचे मूल अहिराणी वळणाचे बोलते, वस्तीवरचे मूल आणखी निराळे बोलते. तोंडी कामाच्या तासाला ते तसेच बोलू द्यावे.

पारधी बंधूंविषयी एक शब्द येथेच सांगणे अवश्य आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि पुढे त्या कायद्याचा विस्तार होत गेला. पारधी त्यांत होते. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण शाळेतील पट्टी हरवली की प्रथम कोणाचे दप्तर तपासले जाते, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गापुरते पाहावे. ह्या विषयाचा स्वतंत्र पाठ पुढे देण्याचा विचार आहे.

अधिक वाचनासाठी पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची प्रकाशने उपयोगी पडतील. ही संस्था १९६२ पासून काम करीत असून तिचे संग्रहालयही पाहण्यासारखे आहे. डॉ. गोविंद गारे ह्यांची महाराष्ट्रातील आदिवासी जमातींवरील पुस्तके केंद्रशाळेच्या ग्रंथालयात असावीत. वाहरू सोनवणे हे स्वतः भिल्ल समाजातील कवी होत. त्यांचा 'गोधड' हा काव्यसंग्रह शिक्षकांनी अवश्य वाचावा. आपल्याविषयी इतरांनीच बोलत राहावे, ह्याचा सल काय असतो, तो तेथे कळतो.

तिसऱ्या तासिकेत मिळालेली स्थळनावे, हक्कांच्या आठवणी व गोष्टी एका शंभरपानी वहीत लिहून ठेवाव्यात. डाव्या पानावर सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर शिक्षकाची टीप, ही पद्धत सोयीची पडते. शुद्धलेखनासाठी सांगणाऱ्याची बोली बदलू नये. नाव लिहिण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, आणि लिहून झाल्यावर संपूर्ण मजकूर त्यांस वाचून दाखवावा. ते 'हे काढा' म्हणाले तर काढावे. वही शाळेतच राहील. केंद्राच्या शिक्षण परिषदेस येताना तिची पहिली चार-पाच पाने सोबत आणावीत, म्हणजे शेजारच्या दोन गावांत एकाच टेकडीची किती नावे आहेत, ते मिळून पाहता येईल.